जुन्या पिकअपमधली दुसरी बॅटरी : कुठली वायर कशाची, कसं ओळखायचं

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत, ह्या पट्ट्यात जुनी पिकअप घेतली की बऱ्याचदा गाडीबरोबर एक दुसरी बॅटरी पण मिळते. आधीच्या मालकाने कशासाठी बसवलेली असते ते धंद्यावर असतंय. दूध संकलनाची गाडी असेल तर वजनकाटा आणि फॅट मशीन चालवायला, भाजीची असेल तर भोंग्याला, द्राक्षं घेऊन मुंबईला जाणारी असेल तर रात्री केबिनमधला पंखा आणि लाईट चालावी म्हणून, आणि जत्रेत फिरणारी असेल तर साऊंडसाठी. धंदा बदलला, गाडी विकली, मशीन काढून नेलं, वायरी मात्र तिथंच राहिल्या. आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते राहू दे, चालतंय की."

चालतंय हे खरं, पण काय चालतंय ते माहीत पाहिजे, नाहीतर एखाद्या पहाटे दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या मिळतात. म्हणून बोनेट उघडून एकेक भाग कसा ओळखायचा ते सांगतो. बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा त्याच काळातली कुठलीही साधी डिझेल गाडी धरून चाला. ह्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एकच, वायरीचा रंग बघून काहीही ठरवू नका. बाहेरून केलेल्या वायरिंगमध्ये त्या दिवशी दुकानात जी वायर होती ती लागलेली असते. लाल वायर अर्थला (म्हणजे मायनसला, गाडीच्या बॉडीला) आणि काळी प्लसला असं पण बघायला मिळतं, घरातली हिरवी वायर तर सर्रास. वायर कुठून निघते, कुठं जाते आणि मीटर काय दाखवतो, विश्वास फक्त ह्या तिन्हीवर.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, १२ व्होल्टचा बल्ब दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दहाचा आणि तेराचा पाना, पांढरी टेप, मार्कर आणि मोबाईल. हात लावायच्या आधी चारी बाजूनी फोटो काढून ठेवा, नंतर "ही वायर कुठली" म्हणून डोकं खाजवायची वेळ येत नाही. क्लॅम्प मीटर असला तर उत्तमच, पण तो डीसी अँपिअर दाखवणारा पाहिजे, घरगुती वायरिंगवाल्याकडचा साधा एसीचा क्लॅम्प इथं शून्यच दाखवत बसतो.

आता एक गोष्ट जी दोन बॅटऱ्यांच्या गाडीत लोक विसरतात. एका बॅटरीचा मायनस काढला म्हणजे गाडी मेली असं इथं होत नाही, दुसरी बॅटरी तिच्या वायरीतून तोच प्लस जिवंत ठेवते. म्हणून पाना लावायचा असेल तर आधी दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. आणि दुसरी बॅटरी सीटखाली बंद पेटीत असेल तर दारं उघडून थोडा वेळ जाऊ द्या, चार्ज होताना लेड ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते, तिथं बिडी काडी नको.

सुरुवात बॅटऱ्यांपासून. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे त्यातली एक जास्तीची असंच असतं असं नाही. मोठ्या ट्रकला दोन १२ च्या बॅटऱ्या एकापाठी एक जोडून २४ व्होल्ट करतात, तिथं एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला गेलेला असतो. पिकअप १२ व्होल्टची असते, पण भंगारातला किंवा ट्रकचा माल लावलेला असू शकतो म्हणून तपासा. प्रत्येक बॅटरीवर मीटर लावा आणि मग पहिलीच्या मायनसपासून दुसरीच्या प्लसपर्यंत, आणि नंतर दुसरीच्या मायनसपासून पहिलीच्या प्लसपर्यंत लावा. ह्यात एकदा जरी २४ च्या आसपास आलं तर दोन्ही सिरीजमध्ये आहेत आणि आपला विषय वेगळा. दोन्ही वेळा तेराच्या आतच राहिलं तर दुसरी बॅटरी जास्तीची. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ ते १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. हे आकडे पुढं लागणार आहेत, टेपवर लिहून बॅटरीलाच चिकटवा.

मग मूळ बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आहेत ते मोजा. कंपनीच्या गाडीत एक सगळ्यात जाड केबल सेल्फला जाते, अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) बी प्लस ह्या मुख्य बोल्टवरून येणारी एक असते (कधी ती सेल्फच्याच बोल्टवर येऊन मिळते), आणि एक दोन फ्यूज बॉक्सकडे जातात. ह्याशिवाय जी आहे ती पाहुणी. कंपनीची वायरिंग लगेच कळते, नळीतून गेलेली असते, बारीक वायरींवर एका रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असते, जागोजागी क्लिपा असतात. बाहेरची वायरिंग म्हणजे काळी टेप गुंडाळलेली, पिळून जोडलेली, चेसिसला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, कधी सायलेन्सरच्या पाईपला घासत गेलेली. ती पाहुणी जाड वायर हातात धरा आणि तशीच पुढं चालत जा. वायर ओढून बघायची, दुसऱ्या टोकाला हलते का ते बघायचं, एकट्याला जमत नसेल तर पोराला उभं करा. दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगपुरत्या जोडायला आणि एरवी सुट्या ठेवायला मधे काहीतरी बसवलेलं असतं, दुसऱ्या बॅटरीपर्यंत जाताना जे जे लागेल ते भाग आता ओळखायचे आहेत.

मधे काहीच नसलं तर? म्हणजे प्लस ते प्लस सरळ वायर. असं पण बऱ्याच गाड्यांत असतं. मग ती दुसरी बॅटरी कसली, एकच मोठी बॅटरी झाली, भोंगा रात्रभर वाजला की सकाळी सेल्फ पण गप्प.

मधे लाल चावीचा किंवा गोल मुठीचा हाताने फिरवायचा स्विच असेल तर तो कटऑफ. ओळखायला सोपा, पण ड्रायव्हरच्या लक्षात राहण्यावर सगळं अवलंबून, त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे त्याचा उपयोग कमीच.

आता जे सगळ्यात जास्त भेटतं ते सोलेनॉईड, म्हणजे बारीक करंटवर चालू बंद होणारा जाड स्विच. डब्यासारखं गोल किंवा लंबगोल, दोन जाड तांब्याचे बोल्ट, आणि मधे एक किंवा दोन बारीक स्क्रू. जाड बोल्टांवर दोन बॅटऱ्यांच्या केबली, बारीक स्क्रूवर चालू करणारी वायर. बारीक स्क्रू एकच असेल तर दुसरं टोक त्याच्या बॉडीतून अर्थ होतं, म्हणजे तो जिथं बसवलाय तिथला पेंट खरवडलेला पाहिजे. इथं खरी गोम आहे. दिसायला सारखेच दोन प्रकार असतात, एक सेल्फ मारण्यापुरता काही सेकंद दाबायचा आणि एक तासन्‌तास चालू ठेवता येणारा. दुकानात स्वस्त मिळाला म्हणून पहिला प्रकार लावलेला असतो आणि तो तापून तापून मरतो. ओळखायचं कसं, तर बारीक स्क्रूवरच्या वायरी काढा, मीटर ओहमवर ठेवा आणि आतली कॉईल (तारेचं वेटोळं) मोजा. कायम चालणाऱ्याचा आकडा साधारण १५ ओहमच्या आसपास येतो, म्हणजे १२ व्होल्टला पाऊण एक अँपिअर. सेल्फवाल्याचा ३ ते ५ ओहम, म्हणजे अडीच ते चार अँपिअर सतत त्या छोट्या डब्यात जळतात. अर्धा तास इंजिन चालवून हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करा. कोमट असणं ठीक, हात ठेववत नसेल तर बदलायचा.

कधी सोलेनॉईडच्या जागी चौकोनी छोटा काळा रिले असतो, काम तेच पण आकार लहान, हॉर्न आणि हेडलाईटला वापरतात तोच. त्याच्या बुडाशी पायांजवळ बारीक आकडे असतात ते वाचा. ८५ आणि ८६ म्हणजे कॉईल, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारं, ८७ म्हणजे पुढं जाणारं, आणि ८७ ए असला तर तो रिले बंद असताना जोडलेला असतो. कॉईल मोजली तर ८० ते १०० ओहमच्या घरात. ह्या रिलेवर ३० किंवा ४० अँपिअर लिहिलेलं असतं. दुसरी बॅटरी पार बसलेली असताना इंजिन चालू केलं की त्याच्यातून त्याहून जास्त करंट ओढला जाऊ शकतो, म्हणून बेस बाहेर काढून बघा. पिवळा पडलेला, वितळलेला असेल तर कारण हेच.

मग येतो व्होल्टेजवर चालणारा रिले. डबी, दोन जाड बोल्ट, बहुतेक वेळा एक छोटी लाईट, आणि एक बारीक काळी वायर. ह्याला चावीची वायर लागत नाही, मूळ बॅटरी चार्ज व्हायला लागली की आपोआप जोडतो. साधारण १३.३ व्होल्टला जोडणार आणि १२.८ च्या आसपास सोडणार, काही मॉडेल थोडं थांबून जोडतात. ती बारीक काळी वायर अर्थची असते आणि सगळ्यात जास्त तीच तुटते. आधी तीच बघा, मग रिलेला शिव्या द्या.

ॲल्युमिनियमचा उभ्या पातळ पट्ट्यापट्ट्यांचा ठोकळा दिसला आणि त्यावर तीन बोल्ट असले तर तो डायोड आयसोलेटर, करंट एकाच दिशेनं जाऊ देऊन बॅटऱ्या सुट्या ठेवणारा. मधल्या बोल्टवर अल्टरनेटर, बाजूच्या दोनांवर एकेक बॅटरी. हलणारा भाग काही नाही, आवाज नाही. सगळ्या वायरी काढून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, मधल्याकडून बाजूला ०.४ ते ०.७ दाखवेल आणि उलटं केलं की काहीच नाही. दोन्ही बाजूनी दाखवलं तर डायोड शॉर्ट, एकाही बाजूनी नाही तर ओपन. त्याचा दोष असा की चार्जिंगचे साधारण ०.७ व्होल्ट तो स्वतःच खातो. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला १३.५ पोचतंय असं दिसलं तर अल्टरनेटर बदलायला धावू नका, मधला हा ठोकळा बघा. जुन्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज ठरवणारा भाग) स्वतःच्याच टर्मिनलवरचा व्होल्टेज बघतो, त्याला पुढं काय कमी पडलं ते कळत नाही, म्हणून अशा गाड्यांच्या दोन्ही बॅटऱ्या कायम अर्धपोटी.

सोलेनॉईड किंवा रिले सापडला की त्याला चालू करणारी बारीक वायर कुठून येते ते शोधायचं, कारण निम्मा गोंधळ तिथं असतो. टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला आणि दुसरं त्या वायरीच्या टोकाला लावा. चावी बंद असताना पण पेटला तर वायर सरळ बॅटरीवरून आलीय, म्हणजे रिले दिवसरात्र चालू. चावी ऑन केल्यावर पेटला तर इग्निशनवरून, डॅशबोर्डवरचं बटण दाबल्यावर पेटला तर बटणावरून. इंजिन सुरू झाल्यावरच पूर्ण व्होल्टेज येत असेल तर वायर अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल टर्मिनलवरून, म्हणजे चार्जिंगच्या लाल दिव्याच्या लाईनवरून आलीय, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तिथं एक दोन व्होल्टच मिळतात. ही लाईन मीटरवरच बघा, टेस्ट लॅम्पचा बल्ब तिच्यावर ओझं टाकतो. डी प्लसची जोडणी चांगली, पण त्यावर एक अँपिअर खाणारा सोलेनॉईड सरळ टांगला तर चार्जिंगचा दिवा वेडंवाकडं दाखवायला लागतो, मधे छोटा रिले पाहिजे. इग्निशनवरून घेतलेल्यात अडचण वेगळी, सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि सेल्फचा करंट त्या लांबलचक बारीक वायरीतून पण जायला बघतो.

एक चकवा सांगून ठेवतो. ज्या डिझेल गाड्यांना हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आत तापणारे) असतात त्यांच्यात बॅटरीजवळ एक जाडजूड रिले किंवा टायमर कंपनीनेच दिलेला असतो, त्याला जाड वायरी असतात, चावी ऑन केली की टक् वाजतो. नवीन माणूस त्यालाच आयसोलेटर समजून उपटतो आणि थंडीत सकाळी गाडी उठत नाही म्हणून बोंब. त्याची एक जाड वायर इंजिनच्या डोक्यावरच्या हीटरकडे जाते, दुसऱ्या बॅटरीकडे नाही. डिझेल पंपावर एकाच वायरीचा छोटा सोलेनॉईड असतो तो इंजिन बंद करायचा, त्याला पण हात लावू नका.

आता फ्यूज. एका वायरीच्या दोन्ही टोकांना जिवंत बॅटरी असते, त्यामुळे फ्यूज पण दोन्ही टोकांना पाहिजेत, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. एकाच टोकाला असेल तर दुसऱ्या बाजूनी शॉर्ट झाल्यावर आख्खी वायर जळते, आणि अशा वायरीच्या वाटेवर डिझेलची नळी असते. पट्टीचे फ्यूज रंगावरून ओळखतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. पण मोठ्या आकाराच्या फ्यूजमध्ये रंग तेच आणि आकडे वेगळे असतात, तिथं लाल म्हणजे ५० आणि निळा म्हणजे ६०. म्हणून वरचा आकडाच वाचा. पारदर्शक डबीत बोल्टने कसलेली धातूची पट्टी दिसली तर तो पण फ्यूजच, साऊंडवाल्यांच्या गाडीत हमखास असतो. छोटी दांडी बाहेर पडलेली काळी डबी म्हणजे सर्किट ब्रेकर, दांडी दाबून परत बसवायची. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातला कागद निघाला तर ओळखायचं काही शिल्लक राहत नाही, ती लाईन तिथंच काढून टाका.

वायरीची जाडी नुसती बाहेरून बघून फसायला होतं कारण रबर जाड आणि आत तांबं बारीक असतं. टोक नवीन कापून बघा. आतून पण पांढरट दिसलं, तारा मऊ आणि पटकन तुटणाऱ्या असतील तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. कापलेल्या तोंडाला लालसर आणि वरून पांढरी असेल तर कल्हई केलेलं तांबं, ते उलट चांगलं. हिशोब सोपा, ४ स्क्वेअर एमएमच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीतून ३० अँपिअर गेले तर साधारण ०.६५ व्होल्ट वायरीतच जातात. तेच १६ स्क्वेअरमधून ५० अँपिअर नेले तरी पाव व्होल्टच्या आसपास. म्हणून दुसरी बॅटरी मागं हौद्याखाली असेल आणि वायर शेगडीच्या स्विचला लावतात तसली असेल, तर बॅटरी कधीच भरणार नाही, बाकी सगळं नवीन टाकलं तरी.

अर्थ ही गोष्ट सगळ्यात शेवटी बघतात आणि बिघाड बहुतेक तिथंच असतो. दुसऱ्या बॅटरीच्या मायनसची वायर कुठल्या बोल्टवर गेलीय ते शोधा. पेंटवर कसलेली असेल, स्क्रू पत्र्याला नुसता टोचलेला असेल तर ते अर्थ नाही, दिखावा आहे. इंजिनपासून चेसिसला जाणारी विणलेली चपटी पट्टी पण बघा, ती अर्धी तुटलेली असते. तपासायला इंजिन चालू करून हेडलाईट लावा, मीटर डीसीवर ठेवून एक पिन दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीवर धरा. ०.२ पर्यंत चालतं, अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने चकाचक करा, परत कसा. आपल्या भागात आणखी एक बघावं लागतं, २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती का. विकणारा सांगत नाही पण वायर सांगते. लगजवळ (वायरीच्या टोकाचा बोल्टात बसणारा डोळा) इंचभर रबर सोलायचं, आत तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असेल तर पाणी आत चढलेलं आहे, अशी वायर वरून कितीही चांगली दिसू दे.

सगळे भाग ओळखले की मग ते खरंच काम करतात का बघायचं. रात्रभर उभी गाडी, समजा पहिली १२.६ आणि दुसरी १२.१. आकडे वेगळे आहेत म्हणजे दोन्ही सुट्या आहेत, छान. इंजिन चालू करा, एक मिनिट थांबा. पहिली १४.१ आणि दुसरी १३.९ किंवा १४ ला गेली तर जोडणी झाली. पहिली १४.१ पण दुसरी तिथंच १२.१ वर बसून राहिली तर जोडणी होत नाही, मग फ्यूज, चालू करणारी बारीक वायर आणि अर्थ ह्याच क्रमाने बघा. दोन्ही १३.५ च्या पुढं सरकत नसतील आणि अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ असतील तर मधे डायोड. आता इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि दुसऱ्या बॅटरीवर हेडलाईटचा एक बल्ब पेटवून ठेवा. फक्त दुसरीचा व्होल्टेज उतरला तर बरोबर. पहिलीचा पण तिच्याबरोबर उतरत गेला (व्होल्टेजवाला रिले असेल तर १२.८ च्या खाली गेल्यावर पण) तर सोलेनॉईडच्या किंवा रिलेच्या आतले पॉइंट चिकटलेत, टक् आवाज येत असला तरी. नुसत्या आवाजावर भरवसा ठेवू नका, हा बल्बचा टेस्ट करायचाच.

जे जे ओळखलं त्याला पांढरी टेप लावून नाव लिहा, "बॅटरी २ प्लस, फ्यूज ६०", "डी प्लसवरून रिलेला", असं मराठीत, म्हणजे पुढच्या माणसाला पण वाचता येईल. दुसऱ्या बॅटरीवरून पितळी जाड पट्टी आणि तिला दोन अगदी बारीक वायरी दिसल्या तर तो अँपिअर मीटरचा शंट, तो काढायची गरज नाही. फॅट मशीनच्या इन्व्हर्टरच्या केबली मात्र मशीन नसलं तरी लोंबकळत असतात, तोंडं उघडी. अशा कुठंच न जाणाऱ्या वायरी आधी बॅटरीच्या टोकाकडून सोडवा, मग दुसरं टोक ओढून काढा. उलट केलं तर ओढताना उघडं टोक चेसिसला लागतंय, आणि दुसरं अजून बॅटरीवर असतं.